काचेआडचा आवाज

सगळा वर्ग तिला 'घाबरट' म्हणायचा, आणि खोटं कशाला बोला, ती होतीच घाबरट. वॉर्डात खऱ्या पेशंटचा श्वास अडकला, तेव्हा ही नुसती खांबासारखी उभी राहिली होती. आजची परीक्षा म्हणजे शेवटची संधी. नापास झाली की नर्सिंग संपलं, गाशा गुंडाळून घरी.

खाटेवर काका निजले होते. काका म्हणजे सरावासाठीचा रबराचा माणूस. पण काय सांगावं त्यांचं! छाती वरखाली व्हायची, मनगटाला नाडी लागायची, डोळ्यांत बॅटरी मारली की बाहुल्या बारीक व्हायच्या. बोलायचेसुद्धा. काळ्या काचेआड बसून सर माइकवर त्यांचा आवाज काढायचे. ती नाडी पहिल्यांदा बोटांना लागली, तेव्हा तिच्या अंगावर सरसरून काटा आला होता. आजही आला.

"काका, हात लावते हं."

"छातीत दुखतंय गं पोरी," काका कण्हले.

तिने नाडी पाहिली, उशी उंच केली, ऑक्सिजन लावला. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि एकदम काकांची जीभ जड झाली. "पोरी... तो दिवा... कुणी..."

"सर काय नाटक करतात, बाई!" मदतीला म्हणून मागे उभी असलेली मैत्रीण कुजबुजली.

पण काकांची नाडी तर ठणठणीत, मशीनवरचे आकडेही ठणठणीत. मग हे बोबडं बोलतंय कोण? सरांना मधुमेह आहे, हे अख्ख्या कॉलेजला ठाऊक होतं. पेशंटला सोडून खोलीबाहेर पाऊल टाकलं की थेट नापास, हेही ठाऊक होतं.

खड्ड्यात गेली परीक्षा! "डॉक्टरांना बोलाव!" असं मैत्रिणीवर ओरडून तिने काकांचा हात अलगद खाली ठेवला आणि ती धावली.

काचेआड सर खुर्चीत कलंडले होते, शर्ट घामाने चिंब. तिची बोटं आपसूक मनगटावर गेली. नाडी नुसती पळत होती. नक्कीच साखर उतरली होती. "सर, गिळता येतंय?" त्यांनी कशीबशी मान डोलावली. टेबलावरची चहाची साखर पाण्यात ढवळून तिने घोट घोट पाजली. एक थेंबही सांडला नाही. हा हात आपलाच का, असं तिला वाटून गेलं.

डॉक्टर आले तोवर सरांची नजर ताळ्यावर आली होती.

"पेशंटला सोडून आलीस?" त्यांनी पुटपुटत विचारलं.

"नाही सर. पेशंटकडेच आले."

सरांनी तिचा हात घट्ट धरला. काचेपलीकडे काकांची छाती संथपणे वरखाली होत होती. ती भारावून काकांकडे बघतच राहिली.