सहाची फेरी

सोमवारी संध्याकाळी सहा वाजता ‘दूरची पाळी’ या नव्या मालिकेचा पहिला भाग लागला, आणि शीतगृहातली सहाची फेरी सहा वाजून पन्नास मिनिटांनी निघाली. बावीस वर्षांत फेरी चुकण्याची ही पहिलीच वेळ. त्या दिवशी काहीही बिघडलं नाही.

फेरी म्हणजे मशीनरूमच्या ऑपरेटरचं मुख्य काम. दर तासाला उठायचं, तिन्ही कॉम्प्रेसरचे काटे वाचायचे, तक्त्यावर आकडे लिहायचे. मग गंधकाची काडी पेटवून ती अमोनियाच्या पाइपांच्या चौदा सांध्यांजवळून फिरवायची. सांधा गळत असेल तर काडीभोवती दाट पांढरा धूर उठतो. काटे पाच मिनिटांत होतात, काडीला वीस लागतात, कारण सांधे मशीनरूमपासून थेट फळं निवडायच्या हॉलपर्यंत, लांबलचक बोळाच्या छताखाली पसरलेले. नव्या माणसाला काडीची गरज नसते. अमोनियाचा वास त्याला दहा पावलांवरूनच मुस्काटात मारतो. पण ज्याने त्या वासात निम्मं आयुष्य काढलं, त्याचं नाक मरून जातं. ऑपरेटरला काम शिकवणारा म्हातारा वस्ताद म्हणायचा, “नाक पगारावर नाही. काडी पगारावर आहे.”

हॉलमधल्या बायकांनी ऑपरेटरचं नाव ‘फेरीवाले’ ठेवलं होतं. “आले हो फेरीवाले! काय विकताय आज?” असं कुणी विचारलं, की तो काडी वर धरून “धूर” एवढंच म्हणायचा आणि पुढे सरकायचा.

मालिका आणली ती लेकीने. दोन महिन्यांपूर्वी ती त्याच हॉलमध्ये फळं निवडायला लागली होती, बापाच्याच पाळीला. आई गेल्यापासून घरात दोघांचं बोलणं किल्ली, दूध आणि ‘दिवा बंद कर’ यांवर येऊन थांबलं होतं. त्या सोमवारी सहाच्या सुट्टीत ती डबा घेऊन त्याच्या केबिनमध्ये आली आणि कोपऱ्यातला धूळ खात पडलेला टीव्ही तिने सुरू केला.

“बाबा, पाच मिनिटं बसा. जाहिरातीत पाहिलंय मी, ही बाई हुबेहूब तुम्ही आहात.”

एक यान दुसऱ्या सूर्याकडे निघालेलं. चार हजार माणसं थंडीत झोपवलेली. जागी फक्त एक, पन्नाशीची राखणदारीण. ती कप्तान नाही, तिच्याकडे बंदूक नाही. हातात दिवा घेऊन ती काटे वाचत यानभर फिरते. ऑपरेटरने टीव्हीवर आजवर राजे पाहिले होते, चोर पाहिले होते, डॉक्टर तर पैशाला पासरी. आपलं काम करणारं माणूस तो पहिल्यांदाच बघत होता.

पहिले दोन दिवस त्याने फक्त चुका काढल्या.

“हा काटा बघ. एवढ्या दाबावर हिच्या चार हजारांची कधीच भाजी झाली असती.”

“अहो बाबा, ते दुसऱ्या ताऱ्यावर चाललेत आणि तुम्हाला काटा दिसतो!”

“तारा गेला खड्ड्यात. काटा बरोबर पाहिजे.”

तिसऱ्या दिवशी चुका निघेनात. चौथ्या दिवशी पावणेसहालाच केबिनमध्ये दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. लेकीची सुट्टी अर्ध्या तासाची आणि भाग पाऊण तासाचा, त्यामुळे शेवटची पंधरा मिनिटं ती कधीच बघायची नाही. तो तिला ती घरी जाताना सांगायचा. वाटभर सांगायचा, राखणदारीण कशी वळली, दाराआड काय वाजलं, हातवारे करून. लेक मधे मधे “मग?” म्हणायची. घर यायचं, कुलूप उघडायचं, तरी “मग?” चालूच. आई असतानाही त्या घरात बाप इतका बोलला नव्हता.

फेरीचं काय झालं, तेही नोंदवायला हवं. दुसऱ्या आठवड्यापासून सहाची फेरी साडेपाचला होऊ लागली आणि तक्त्यावर सहा लिहिली जाऊ लागली. तिसऱ्या आठवड्यात पाच चाळीसला फक्त काटे झाले, काडी सातवर गेली. चौथ्यात सातचीही राहिली, कारण सात वाजता तो लेकीला काय आणि कसं सांगायचं याची मनात जुळवाजुळव करत असायचा. रकान्यात बरोबरच्या खुणा मात्र पडत राहिल्या. त्याला विचारणारं कुणी नव्हतं. बावीस वर्षांची पुण्याई गाठीला होती, ती तो खर्चत होता.

पाचव्या आठवड्याच्या शुक्रवारी, पाच एक्कावन्नला भिंतीवरचा वायूसूचक वाजला. हे यंत्र गेल्या वर्षी बसवलेलं, हवा दमट झाली की उगाच कोकलणारं. चाळीस मिनिटं गप्प करण्याचं बटण त्याला होतं. ते त्याने दाबलं.

सहाला दोन मिनिटं कमी असताना लेक आली, ती नाक मुरडतच.

“बाबा, बोळात वास येतोय.”

तो दारापर्यंत गेला. मान वर करून त्याने दोनदा खोल श्वास घेतला.

“नाही गं.”

“वळणापाशी येतोय. थोडासाच.”

“वळणापाशी नेहमीच येतो म्हणतात. बस, लागलं बघ.”

“तुम्ही म्हणता तर नसेल,” ती म्हणाली आणि डबा उघडला.

त्या भागात राखणदारिणीला झोपलेल्यांच्या रांगेत स्वतःची मुलगी सापडते. एकालाच जागं करता येईल एवढीच ऊब यानात शिल्लक असते. ती झाकणावर हात ठेवून उभी राहते, आणि कॅमेरा हलतच नाही. ऑपरेटरच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

“रडताय होय?”

“आणि तू?”

“माझे नुसते चुरचुरताहेत.”

“त्यालाच म्हणतात रडणं,” तो म्हणाला, आणि दोघंही हसली.

सहा एकतीसला ती उठली. “आज मला शेवट माझ्या डोळ्यांनी बघायचाय. मुकादमीणबाईंना विचारून येते.”

“त्या देतात होय! त्या स्वतःच्या लग्नालाही सुट्टी घेणार नाहीत.”

“बघाच तुम्ही.”

ती गेली. सूचकाची चाळीस मिनिटं संपली होती. तो पुन्हा वाजला, याने टीव्हीवरची नजर न काढता पुन्हा बटण दाबलं. सहा पंचेचाळीसला राखणदारिणीने झाकणावरचा हात उचलला आणि शेवटची नावं सुरू झाली. लेक आली नव्हती. नाही दिली सुट्टी, त्याने मनाशी म्हटलं, आणि तिला हे दृश्य कसं सांगावं याचा विचार करत बसला.

पाठोपाठ हवामानाच्या बातम्या लागल्या. त्याच्या डोळ्यांचं पाणी थांबेना.

उद्या आकाश निरभ्र राहील, असं एक तरुणी सांगत होती आणि तो रडत होता.

सहा पन्नासला त्याने गंधकाची काडी पेटवली आणि बोळाचं दार उघडलं. पहिल्या सांध्यापर्यंत जाण्याची गरजच पडली नाही. हात लांब करताच काडीभोवती पांढरं दाटलं, उकळत्या दुधासारखं वर आलं. पुढे वळणापलीकडे, हॉलच्या बाजूला, काहीतरी फुसफुसत होतं. त्याने दार ओढलं, मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, भोंगा दाबला आणि हॉलचा फोन फिरवला. तो वाजत राहिला. मग फाटकावरच्या दरवानाला फोन केला.

“बायका बाहेर येताहेत,” दरवान ओरडून सांगत होता. “पुढच्या दाराने. अग्निशमनवाल्यांना कळवलंय.”

“माझी लेक?”

दरवानाने फोन मुकादमीणबाईंकडे दिला. त्या खोकत होत्या.

“ती इथे नाही, फेरीवाले. शेवट बघायचाय म्हणाली, मीच तिला जा म्हटलं. बोळातूनच निघाली तुमच्याकडे. सहा चाळीस, बेचाळीस झाले असतील.”

बोळ चालायला दोन मिनिटं लागतात. हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

सात वाजता त्याने मास्क चढवला आणि आत शिरला. धूर भिंतींना धरून हलत होता, पुढचा हातही दिसत नव्हता. तो सांधे मोजत गेला, सहावा, सातवा, आठवा, दर सांध्याला खाली वाकून जमीन चाचपत. वळणावर, आणि पुढे हॉलच्या दारापर्यंत, ओल्या फरशीवाचून हाताला काही लागलं नाही. वळणापलीकडे मागच्या अंगणात उघडणारं आपत्कालीन दार आहे. त्याचा आडवा दांडा आतून दाबलेला होता आणि दार वीतभर उघडं होतं.

त्याने बाहेर जाऊन हाक मारली. मास्क काढून पुन्हा मारली. दरवान कंपाउंडच्या कडेने बॅटरी मारत आला. “पुऱ्या अंगणाला वळसा घातला,” तो म्हणाला. “कुणी नाही. हॉलमधून मागे कुणी आलेलं नाही, सगळ्या पुढेच आहेत.”

सात वाजून अकरा मिनिटांपर्यंत एवढंच कळलं होतं: दार आतून उघडलं गेलं होतं, आणि अंगणात कुणी नव्हतं.