किल्ली लावलीस ना?

फोनच्या वरच्या कोपऱ्यातली ती इवलीशी किल्ली — ती दिसली की काळजी नाही, असं मुलानं, प्लामेननं, सांगितलेलं. गिनका तिच्याकडे बघत बसली होती, कॉफी निवत चालली होती, आणि आत... आत काहीच नव्हतं. नवरा, दिम्चो, गेल्यापासून काहीच नव्हतं.

व्रात्साच्या बस स्टँडवरच्या या कॅफेत वायफायचा पासवर्ड भिंतीवर खडूनं लिहिलेला, येईल त्याला मोकळं रान. म्हणून प्लामेननं जर्मनीतून समजावत समजावत तिच्या फोनमध्ये व्हीपीएन घालून दिलं. ‘‘आई, अशा ठिकाणी कुणीही तुझ्या फोनमध्ये डोकावेल. किल्ली लावलीस की तू कोण, कुठली, कुणाला कळणार नाही.’’ कळणार नाही — या गावात? जिथं माणूस गेला की त्याचा फोटो आणि खाली शोकाकुलांची नावं छापून दारांवर, खांबांवर चिकटवतात, चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा... दिम्चोनं आयुष्यभर याच स्टँडवरून बस चालवली. त्याचा चाळिसाव्याचा कागद अजून कॅफेच्या काचेच्या दारावर होता, उन्हानं पिवळा पडलेला. मघाशी फोटोतल्या त्याच्या गालाशेजारी तळवा टेकवूनच तिनं दार ढकललं होतं, आणि काच गार आहे एवढंच तिला जाणवलं. स्मशानातही रडू आलं नव्हतं. लोक म्हणाले, किती धीराची बाई! धीर कसला डोंबलाचा... मी नुसती बसलेय.

‘‘मावशी, फोनला एवढं कुलूप आणि घराचं दार सताड उघडं! काल येऊन गेलो मी,’’ गल्ल्यावरून कॅफेवाला वेस्को ओरडला.

‘‘चोरायला आहे काय माझ्याकडे?’’

‘‘लोणच्याच्या बरण्या की!’’

ती हसली. हसता येत होतं, ही त्यातल्या त्यात गंमत.

थोड्या वेळापूर्वी प्लामेनचा फोन येऊन गेला होता. शनिवारी सहा महिने होतात, रिवाजाप्रमाणे गहू उकडून लोकांना वाटायचे, पण त्याला सुट्टी नाही. ‘‘माझं नाव घाल हं कागदावर, आई.’’ घालते म्हणाली. ‘‘आणि किल्ली लावलीस ना?’’ लावली. ‘‘मग ठीक.’’ मग तिनं छापखान्यातल्या बोरियानाला नव्या कागदाचा मजकूर पाठवून दिला होता. बाहेर लख्ख ऊन, आणि फोन मात्र दोर्टमुंडचा पाऊस दाखवत होता, जर्मन दुकानांतले रेनकोट विकत होता. किल्लीमुळे त्याला ती तिथलीच वाटत होती. बरंच होतं ते. तिथल्या बाईचा नवरा गेलेला नव्हता...

फोन थरथरला. बोरियाना लिहीत होती : ‘मावशी, मुलगा, सून, नातू आहेत. पत्नीचं नाव राहिलंय की नकोच आहे? छपाई थांबवलीय.’

तिनं मजकूर पुन्हा वाचला. खरंच नव्हतं. प्रत्येक कागदावर बायको पहिली असते, गावातलं शेंबडं पोरही सांगेल — आणि ती स्वतःलाच विसरली होती. मुद्दाम नाही. शोकाकुल कोण कोण, असं मनाशी आठवत गेली, आणि त्यात स्वतः कुठे सापडलीच नाही.

‘पत्नी’ एवढं टाइप केलं आणि बोट थांबलं. शोकाकुलांत गिनका लिहिलं तर ते खरं असायला हवं... वरची किल्ली तशीच शांत. तू कोण, कुठली, कुणाला कळणार नाही. तिनं ती बंद केली.

काही झालं नाही. पाऊस गेला, व्रात्साचं ऊन आलं, रेनकोट नाहीसे झाले. काचेच्या दारावर दिम्चोच्या कागदाची पाठ दिसत होती, उन्हातून त्याचा चेहरा उलटा उमटलेला, आणि त्याच्याकडे बघता बघता तिनं कप ठेवला तो बशीच्या कडेवर — कॉफी टेबलावर सांडली. प्लामेन ओरडेल. आता कुणीही आत डोकावू शकेल. तिला वाटलं, डोकावावं कुणीतरी.

‘‘मावशी, बरं वाटतंय ना?’’ वेस्कोनं विचारलं.

‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘पत्नी’ या शब्दापुढे रेघ अजून लुकलुकत होती.