कुंडलिकरावांचा आवाज माझ्याजवळ आहे

मी एक जुना, कोपऱ्याला तडा गेलेला मोबाइल आहे. पण मित्रांनो, माझी कीव करू नका. तडा फक्त काचेला आहे, आतून मी ठणठणीत आहे. माझं दुःख तेच आहे.

माझा खोका उघडला तेव्हा मला घाटकोपरची एक लहानशी खोली दिसली आणि कुंडलिकराव दिसले. ते बसचे कंडक्टर होते. "पुढं सरका" हे त्यांनी तीस वर्षं म्हटलं आणि दर जयंतीला मंडळात भीमगीतं म्हटली. मग घशाचा कॅन्सर झाला. ऑपरेशनच्या आधी त्यांच्या मुलीने, श्रुतिकाने, माझ्यात एक ॲप घातलं. आठवडाभर कुंडलिकराव माझ्यापुढे बसून वाक्यं वाचत राहिले. आवाज गेल्यावर ते टाइप करत आणि मी त्यांच्याच आवाजात बोलत असे. काय मान होता माझा! घरात मला कुणी फोन म्हणत नसे, 'पप्पांचा गळा' म्हणत.

पुढे ते ॲप बनवणारे धंदा गुंडाळून गेले. ॲप फक्त माझ्या जुन्या सिस्टिमवर चालायचं. श्रुतिकाने दुरुस्तीवाल्या मिथुनला गाठलं.

"अपडेट मारू नको, वाट लागेल," तो म्हणाला. "नव्या सिस्टिमवर गेला की फोनची कंपनी मागं येऊ देत नाय. आत्ता या सिस्टिमला परवानगी देतेय ना, तोवर या फोनच्या नावाची चिठ्ठी काढून ठेवतो. ती असली की मागं आणता येईल. उद्या कुणी जेलब्रेक काढला, तर कुलूप तोडून आवाजच बाहेर काढू."

"आणि नंतर काढली चिठ्ठी तर?"

"नंतर नाय मिळत गं."

चिठ्ठी म्हणजे एक इवलीशी फाइल. श्रुतिकाने ती पेनड्राइव्हवर घेतली, पेनड्राइव्ह टीव्हीखालच्या खणात टाकला आणि अपडेटचं आणि चिठ्ठीचं घरात कुणाला सांगायचं विसरून गेली.

एप्रिलमध्ये जयंती आली. मंडळाची पोरं डीजेची गाणी भरायला पेनड्राइव्ह मागत आली. आता गाता येत नाही, निदान गाणी तरी आपल्या घरच्या पेनड्राइव्हवरून वाजावीत, असं कुंडलिकरावांना वाटलं. त्यांनी मोठ्या हौसेने तो काढून दिला.

मे महिन्यात श्रुतिकाचं लग्न होतं. कुंडलिकराव तिला स्वतःच्या आवाजात आशीर्वाद देणार होते. रोज मला मांडीवर घेऊन ते त्या ॲपमध्ये चार ओळी लिहीत, खोडत, पुन्हा लिहीत. आदल्या दिवशी दुपारी त्यांच्या पत्नीने, रुक्मिणीताईंनी, माझ्यावरचा अपडेटचा लाल आकडा पाहिला. ऐन कार्यात मी अडकू नये म्हणून त्या माउलीने बटण दाबलं. मी दुसऱ्यासाठी बोलत आलो, पण मला स्वतःला 'नको' म्हणता आलं नाही.

ॲप उघडेना. रुक्मिणीताई रडकुंडीला आल्या.

"रडू नको गं आई, माझ्याकडे चिठ्ठी आहे," श्रुतिका म्हणाली. तिने पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. त्यात दोनशे गाणी होती. गाणी भरण्याआधी पोरांनी तो पुसून घेतला होता. मिथुनला फोन लावला, तर तो म्हणाला, "कंपनीनं त्या जुन्या सिस्टिमची परवानगी मार्चमध्येच बंद केली गं."

कुंडलिकरावांनी लग्नपत्रिकेच्या मागे लिहिलं, 'पेनड्राइव्ह मीच दिला.'

लग्नात बुद्धवंदना झाली आणि कुणीतरी सवयीने त्यांच्या हातात माइक दिला. ते उभे राहिले. त्यांचे ओठ हलले. हॉलमध्ये फक्त पंख्यांचा आवाज येत होता. श्रुतिका म्हणाली, "कळलं, पप्पा." तिला कळलं नव्हतं, मित्रांनो. त्या चार ओळी फक्त त्यांना आणि मला ठाऊक आहेत; कागदावर द्यायला ते तयार नाहीत आणि माझ्या तोंडून त्या निघत नाहीत.

जुन्या वस्तूत काय जपून ठेवलं आहे, ते घरातल्या सगळ्यांना सांगा. परतीची चिठ्ठी मिळते आहे तोवर घ्या, दोन ठिकाणी ठेवा, वर ठळक नाव लिहा. एवढंच करायचं होतं.

कुंडलिकराव मला अजून रोज चार्जिंगला लावतात. ते ॲप दाबून बघतात. उघडलं नाही की माझ्या काचेवरून हळूच अंगठा फिरवतात. त्यांनी एकदा तरी मला रागाने आपटायला हवं होतं.