मुळाशिवायच्या अळंब्या

मित्रांनो, खोपटाच्या आढ्याला टांगलेली, काठ उसवलेली बांबूची जुनी टोपली म्हणजे मीच. पडघ्याजवळच्या एका पाड्यावर जान्याने मला विणले. श्रावणात त्याची बायको बुधी मला घेऊन रानात जाई आणि वारुळावर उगवलेल्या अळंब्या भरून आणी. तिचा एक नेम होता. अळंबी कापायची नाही, वारुळात खोल गेलेल्या लांब मुळासकट उपटायची. ते मूळ हीच तिची ओळखायची खूण. माझे अंग मात्र चिखलाने माखून जाई आणि मी मनातल्या मनात कुरकुरत असे.

पुढे नव्वद सालानंतर नाक्यावर गिऱ्हाईक वाढले. त्यांना माती नको असे. मग बुधीची सून चंद्रा विळ्याने देठ छाटून, अळंब्या धुऊन मला सजवू लागली. "किती स्वच्छ गं!" असे कोणी म्हटले की मी फुगून जाई.

एका श्रावणात बुधी तापाने पडली. चंद्रा एकटीच रानात गेली आणि नाक्याजवळच्या शांताबाईंना अर्ध्या अळंब्या विकून घरी आली. बुधीने उरलेल्यांतली एक उलटी करून पाहिली. टोपीखाली हिरवट झाक होती; वारुळावरच्या अळंबीला ती कधीच नसते.

"ही वारुळावरची हाय?"

"तिथलीच, आये. थोडी आंब्याखालची. पांढरीच तर हायत सगळी!"

"मूळच न्हाय, तर मी वळखू कशी?"

बुधी तशीच तापात मला काखोटीला मारून धावली. शांताबाईंच्या स्टोव्हवर कालवण रटरटत होते. बुधीने पातेले सरळ मोरीत उपडे केले.

"अगं, सगळं कशाला ओतलंस?" शांताबाई ओरडल्या.

"चांगली कोनती, वायट कोनती, मला बी सांगता येयाचा न्हाय, बाय! कोनी खाल्ला का?"

शांताबाईंची धाकटी लेक कलावती कोपऱ्यात बसून चवीला दिलेली कालवणाची वाटी चाटत होती.

एका टेम्पोतून तिला भिवंडीच्या दवाखान्यात नेले. वाटेतच तिला उलट्या सुरू झाल्या. बुधी बाहेरच्या पायरीवर मला मांडीवर घेऊन बसली. उरलेली एकेक अळंबी ती उलटसुलट करून बघत होती आणि रडत होती.

मित्रांनो, कलावती वाचली. पण रानातली अळंबी ओळख पटल्याशिवाय तोंडात घालू नका आणि तिची ओळख छाटून कोणाला विकूही नका. बुधी आता नुसती भाजी घेऊन नाक्यावर जाते. तिची हाक ऐकली की कलावती अजून आतून कडी लावून घेते.