पहिला नारळ

बोईसरच्या एका कारखान्याचा साहेब दर वर्षी माणूस पाठवून विचारायचा, होड्या दर्यात कधी उतरणार. परका असून आमची तिथी पाळतो, याचं माझ्या नवऱ्याला भारी कौतुक. तो गावचा तांडेल, होड्यांचा म्होरक्या. नारळीपुनवेला दर्याला पहिला नारळ सोडायचा मान त्याचा, पण तो त्यानं साहेबाला देऊन टाकला. साहेबाची मोटार दारात थांबते, याची त्याला चटक लागली होती.

पावसात मासळीच्या पोटी अंडी असतात. तेव्हा घरात चूल पेटली नाही तरी आमच्यात कुणी जाळं पाण्यात घालत नाही.

शहाऐंशी साली पुनव झाल्यावर मी सरावलीत मासळी विकायला गेले. त्याच कारखान्यातला खंडेराव माझं नेहमीचं गिऱ्हाईक. बोंबील नाकाशी धरून म्हणाला, "मावशी, औषधाचा वास येतोय." मग आपणहून सांगू लागला, "पावसात आम्ही टाक्यांतलं सांडपाणी खाडीत सोडतो. तेव्हा तुमच्या होड्या वर किनाऱ्याला असतात, बघायला कुणी नसतं. मी मात्र आधी खाडीला हात जोडतो."

हात जोडतो म्हणे.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो जाळं विणत राहिला.

पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर साहेबाचा माणूस दारात आला. मी म्हटलं, "यंदा आमी होड्या वर घेणारच नाय. पावसातपण आमी दर्यातच हाय, सांगा साहेबाला."

माणूस गोंधळला. आतून नवरा हसत बाहेर आला.

"तिचं काय ऐकता? नारळीपुनवेलाच उतरणार. पहिला नारळ साहेबांचाच हाय."