क्रेनच्या जांघेतली जाळी

मी जाळी बोलतेय. खिडकीची नाही, मासे धरायची तर मुळीच नाही. तळहाताएवढी, पांढरी, प्लॅस्टिकच्या धाग्यांची. एका माणसाच्या जांघेत राहते. वेळ कमी आहे, म्हणून भराभरा सांगते, ऐका.

कारखान्यात विणून झाल्यावर मला पाकिटात बंद केलं आणि कपाटात टाकलं. वाटलं, गेला जन्म फुकट. मग एक दिवस पाकीट फाटलं, डोळे दिपवणारा दिवा दिसला, आणि सर्जनबाईंनी मला उचलून थेट क्रेनच्या अंगात टाके घालून बसवलं.

क्रेन म्हणजे माझा मालक. लोकांचं घरसामान हलवतो. एकटा फ्रिज पाठीवर घेतो म्हणून हे नाव पडलं. ओझी उचलून उचलून त्याच्या जांघेतली स्नायूंची भिंत विरली आणि आतडं बाहेर डोकावायला लागलं. तिथलं ठिगळ मी.

सर्जनबाई त्याला म्हणाल्या होत्या, "जाळी नुसता आधार आहे. तिच्या भोकांतून तुमचं मांस वाढू दे, मग ती पक्की होईल. तोवर जड उचलायचं नाही."

सुरुवातीला काय शहाण्यासारखा वागला म्हणून सांगू. सावकाश चालायचा, खोकताना पोटाशी उशी धरायचा. मांसाचे कोवळे धागे माझ्यात शिरायला लागले. आपण कुणाचे तरी झालो, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

आणि मेव्हण्याचा फोन आला. दोघं जोडीनं काम करतात. "भाऊजी, कपाट आहे, जिन्यावरून उतरवायचंय. तुम्ही हात नका लावू, नुसतं सांगा."

बायको म्हणाली, "नुसतं सांगणार? स्वतःच्या लग्नाच्या फोटोत खुर्च्या हलवताय तुम्ही."

"अगं, उचलतोय कोण? खालच्या बाजूला उभा राहून तोल बघेन."

जिन्यात वरचा माणूस धरतो, खालचा पेलतो. दोघांनाही हे पक्कं ठाऊक. पण त्यांच्या धंद्यात याला उचलणं म्हणतच नाहीत, तोल बघणं म्हणतात.

वळणावर मेव्हण्याचा पाय सरकला. क्रेनचे हात आपोआप पुढे गेले आणि अख्खं कपाट त्याच्या अंगावर आलं. मी जीव खाऊन धरून ठेवलं. माझ्या वरच्या कोपऱ्याचा टाका तटकन तुटला.

"लागलं का, भाऊजी?"

"छे रे. चल, पुढं घे."

मला ओरडायला एकच गोष्ट येते, कळ. ती दिली. त्यानं गोळी घेतली. पुन्हा दिली. पुन्हा गोळी. तोंडावर हात दाबून कुणाला गप्प करावं तसं चाललंय.

आता माझा कोपरा दुमडलाय आणि त्या फटीतून आतडं पुन्हा डोकावतंय. तो उभा राहिला की लिंबाएवढा फुगवटा येतो, आडवा झाला की आत जातो. त्यामुळे त्याला वाटतं, बरं होतंय. अरे, एखाद्या दिवशी ते आत जाणारच नाही. तिथंच अडकेल, काळंनिळं पडेल. आणि मी इतक्या जवळून नुसती बघत राहीन.

आत्ता बायको दारात उभी आहे. "शर्ट असा खाली ओढून काय बसलाय? बघू."

"काही नाही गं. तुझा भाऊ विचारत होता, उद्या येता का कामाला."

क्रेन, तुझ्याच अंगात राहून तुझ्या पाया पडते रे. उचलायचंच आहे ना काहीतरी? मग तो शर्ट उचल. तेवढं सर्जनबाईंनाही चालेल.