डबलबेडवरची दुपार

फर्निचरच्या दुकानात खुर्ची घ्यायला तिघी जणी गेल्या आणि त्यांतली एक सगळ्यांत मोठ्या डबलबेडवर बुटांसकट आडवी झाली. ती छबू. एकोणीस वर्षांची, ऑटिझम असलेली, मोजकंच बोलणारी आणि लाथ मारण्यात पटाईत. तिनं चादर डोक्यावरून ओढून घेतली.

"मॅडम, तो फक्त बघायला ठेवलाय!" विक्रेता धावत आला. त्यानं चादरीला हात लावला मात्र, आतून अशी लाथ आली की तो थेट शेजारच्या सोफ्यात जाऊन बसला. शोभेचा दिवा गडगडत गेला.

"उठव गं तिला वहिनी! चारचौघांत नुसती शोभा," छबूची आत्या दातओठ खात म्हणाली.

आईनं माफी मागायला तोंड उघडलं. ते भाषण तिला झोपेतही पाठ होतं. तेवढ्यात छतावरचा स्पीकर खरखरला, "आजची खास सवलत..." आणि चादरीखालून किंकाळी आली. छबू स्वतःच्याच कानांवर बुक्क्या मारायला लागली.

"आधी तो स्पीकर बंद करा!" आई ओरडली. "कानांना लागतो तिच्या. आल्यापासून बिचारी कान झाकून सांगतेय, आणि आम्ही खुर्च्या बघतोय!"

विक्रेता पळाला. स्पीकर गप्प झाला.

आता हात लावायचा नाही, बोलायचं नाही, नुसतं थांबायचं, हे आईला माहीत होतं. पण तिचेही पाय भरून आले होते. तिनं चपला काढल्या आणि बेडच्या दुसऱ्या कडेला अंग टाकलं. अहाहा! गादी होती की लोणी! तिला एकदम हसूच फुटलं.

"अगं वहिनी, काय करतेयस?"

"थांबतेय."

एक आजोबा कधीचे गाद्या दाबून बघत होते. "कशी आहे हो?"

"उठवतच नाही!"

आजोबा समोरच्या पलंगावर लवंडले. मागोमाग आजीही. "जरा टेकते," म्हणून आत्या एका मऊ कोचावर टेकली, तर तिला कोचानं गिळलंच. पाय तेवढे वर राहिले.

छबूनं चादरीतून एक डोळा बाहेर काढला. ते हलणारे पाय बघून ती खुदकन हसली, मग खदाखदा.

"हसतेस काय, ओढ मला!"

छबू आपणहून उठली. तिनं आत्याचे पायच धरून ओढले. आत्या धप्पकन जमिनीवर! आणि सगळ्यांत मोठ्यानं आत्याच हसली.

निघताना दिवा हातात घेऊन विक्रेता दारात आला. आईचं हसू ओसरलं. "फुटला का हो?"

"छे! पण तुम्ही पुन्हा कधी येणार? आजोबांनी दोन गाद्या घेतल्या. स्पीकर बंदच ठेवतो."

आजवर जिथे तिथे लोकांनी आईला 'कधी निघताय' हेच विचारलं होतं. तिला पुन्हा हसू फुटलं. ती आत्याच्या खांद्यावर कोसळली आणि छबू मात्र ताठ मानेनं पुढे चालू लागली.